दर्शनी कमान आणि आतली खोली

मंडळाच्या मागील बैठकीत एका निबंधाचे वाचन व्हावयाचे होते, ते झाले नाही. चहाच्या वेळी इंदूर-इच्छापूर मार्गावरील एका राजवाडी थाटाच्या रिसॉर्टच्या नव्या प्रवेशद्वाराचा विषय निघाला आणि बैठक त्यातच संपली. त्या स्थळाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी तेथे एखाद्या तरी लग्नाचे जेवण घेतले असेल.

पूर्वी तेथे साधे लोखंडी फाटक होते आणि दोन्ही अंगांस कडुनिंब. नूतनीकरणात कडुनिंब गेले व दुमजली उंचीची कमान उभी राहिली. वर फायबरच्या छत्र्या, पत्र्यातून कापलेली जाळी, पायाशी सोंड उंचावलेले दोन हत्ती, आणि फेटा बांधलेला दरवान. एका पक्षाचे म्हणणे, बऱ्हाणपुरास शोभेल असे दार अखेर झाले. दुसऱ्याचे म्हणणे, हे नाटकाचे नेपथ्य आहे. आमची नोकरीतील हयात दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे लिहिण्यात गेली. त्यामुळे शेरा मारण्यापूर्वी जुने कागद पाहावेत, ही सवय जडली आहे.

या प्रकरणी जुना कागद म्हणजे सर टॉमस रो याची रोजनिशी. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून जहांगीर बादशहाच्या भेटीस अजमेरकडे जाताना तो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरास आला. शाहजादा परवेझ याचा मुक्काम तेव्हा येथे होता. शहर कोतवालाने निशाणे व लवाजमा घेऊन त्याचे स्वागत केले, त्याला सरायपर्यंत पोचविले आणि दारातच निरोप घेतला. दार दगडी, दर्शनी भाग देखणा, एवढे रो मान्य करतो. आत मात्र त्याच्या वाट्यास चार खोल्या आल्या. विटांच्या, वरून गोलाकार, आणि भट्टीएवढ्या! साहेबाने आपले तंबू ठोकून त्यांचा आसरा घेतला. तक्रारही केली, परंतु शाहजाद्याचा महाल व आणखी थोडी घरे वगळता सारे शहर मातीच्या झोपड्यांचे असून मिळाली तीच जागा त्यातल्या त्यात उत्तम होय, हे पुढे त्यालाच कबूल करावे लागले.

म्हणजे आमच्या शहरातील पाहुण्याची ही तक्रार चार शतकांची आहे. ती कमानीविषयी नव्हती. कमान पाहून जे मनात येते आणि आत गेल्यावर जे हाती लागते, त्यांतील अंतराविषयी ती होती. त्या सायंकाळच्या चर्चेत हा मुद्दा कोणीच काढला नाही. दोन्ही पक्ष रस्त्यावर उभे राहूनच बोलत होते.

नक्कल हा गुन्हा आहे, असे आम्हांस वाटत नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्ज मुंबईत उतरला तेव्हा गेटवे ऑफ इंडियाची पुठ्ठ्याची प्रतिकृतीच त्याच्या नजरेस पडली; दगडी वास्तूचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. आमच्याच शहरात २०२१ साली आग्ऱ्याच्या ताजमहालाच्या धर्तीवर एक राहते घर बांधले गेले व त्याची छायाचित्रे देशभर झळकली. मुमताजमहल १६३१ साली येथेच निवर्तली आणि आधी तापीपलीकडे आहुखान्यात तिला दफन केले होते, हे ध्यानी घेता ती नक्कल निदान पत्ता चुकलेली नाही.

चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचा दाखला दिला. दार भलत्याच बाजूस झाले, म्हणून त्या वास्तूच्या शिल्पकाराने जीव दिला, ही ती प्रसिद्ध आख्यायिका. आपण मराठी मंडळींनी ही कथा तरी पुन्हा सांगू नये. कारण मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा. बोरीबंदर स्थानकाच्या बांधकामात स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेले हे गृहस्थ हॉटेल पुरे होण्यापूर्वीच वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते काम तडीस नेले. १९०३ साली हॉटेल उघडले तेव्हा मुख्य दार शहराच्या बाजूस होते, ते चुकून नव्हे. पाहुण्यांच्या घोडागाड्या त्या बाजूने येत, आणि समुद्राकडची बाजू वाऱ्यासाठी खोल्यांना मिळे. पुढे येण्याजाण्याची रीत पालटली, दार समुद्राकडे गेले, आणि गाड्या थांबत त्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. दार कोठे असावे हे पाहुणा कसा येतो यावरून ठरले, दोन्ही वेळा.

ही कसोटी घेऊन आम्ही शनवारा दरवाज्यापाशी गेलो. निजामुल्मुल्काने १७३१ मध्ये बांधविलेल्या तटाच्या काळातील हे दरवाजे. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आले आणि आपल्यातील कित्येक घराणी त्यानंतर येथे स्थिरावली. जुन्या दरवाज्याला जाडी असते. कमानीखाली उभे राहिले की दोन पावले सावली मिळते. आपल्या वाड्यांचीही तीच रीत होती: मोठ्या दारात माणसापुरती दिंडी, लगत देवडी, तेथे टेकायला ओटा. आलेला मनुष्य कोण, दमला आहे का, हे दाराला कळत असे. शहरातील जामा मशिदीच्या काळ्या दगडी कमानी पाहाव्यात. १५९० च्या सुमारास ती बांधणाऱ्या फारुकी राजाने आत संस्कृत शिलालेखही कोरविला. स्थानिक नमुनाच हवा होता, तर तो इतका जवळ होता. फायबरचे हत्ती कोठून आले, देव जाणे.

आता घरची गोष्ट सांगतो. गेल्या वैशाखात भाच्याच्या लग्नानिमित्त आम्ही त्या नव्या दाराने आत गेलो. सोबत आमच्या ताई होत्या. वय ७९, हाती काठी. गाडी कमानीबाहेरच थांबविण्याचा तेथे नियम झाला आहे, कारण कमानीसमोर छायाचित्रे काढली जातात. कमान एका विटेच्या जाडीची, सावली तिच्या मागे कोठेतरी पडत होती. पुढे सात पायऱ्या, कठडा नाही. उताराची वाट करण्याजोगी जागा एकच होती, आणि तेथे उजवा हत्ती उभा होता. ताई तिसऱ्या पायरीवर थांबल्या व म्हणाल्या, “पूर्वी इथं कडुनिंब होता ना रे?” दरवान भला माणूस, फेटा काढून ठेवून त्याने आत जाऊन खुर्ची आणली.

एवढे ऐकल्यावर मंडळाने मालकांस पत्र पाठविण्याचे ठरविले. छत्र्या व जाळी यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. मागण्या तीन: पायऱ्यांना कठडा, वृद्धांची गाडी आतपर्यंत जाऊ देणे, आणि उजव्या हत्तीच्या जागी उताराची वाट. कमानीच्या चाहत्यांनीही खाली सह्या केल्या. मात्र उजवा हत्ती गेल्यावर डावा एकटाच शोभेल काय, हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला असून तो पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.