ठळक चित्र म्हणजे लवकर निदान?

मॅमोग्रामचा कॉन्ट्रास्ट संगणकाने वाढवला की स्तनाचा कर्करोग लवकर सापडतो, असं मत सध्या जोरात आहे. पाचगणी-वाईच्या डोंगराळ भागात तसं सॉफ्टवेअर पोचवलं की काम झालं, हे त्याचंच शेपूट.

या पूर्वपक्षात तथ्य आहे. गाठ आणि ग्रंथींच्या ऊती क्ष-किरण जवळपास सारखेच शोषतात. दाट स्तनात पांढऱ्यावर पांढरं दिसतं. अमेरिका-कॅनडातल्या ४९,५२८ स्त्रियांच्या अभ्यासात (२००५) डिजिटल मॅमोग्राफी एकंदरीत फिल्मच्या तोडीचीच ठरली, पण पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये सरस निघाली.

मात्र हा पुरावा चित्र घेण्याच्या पद्धतीचा आहे, घेतलेलं चित्र मागाहून उजळण्याचा नव्हे. कॉन्ट्रास्ट कमवावा लागतो तो यंत्रापाशी : साधारण २५ ते ३० किलोव्होल्टचे मवाळ किरण आणि स्तन नीट दाबून धरणारी तंत्रज्ञ. दाबाने जाडी घटते, किरणांचं विखुरणं कमी होतं, एकावर एक आलेल्या ऊती पसरतात. दुखतं म्हणून बाई आखडली, दाब अर्धवट राहिला, तर निसटलेली छटा सॉफ्टवेअर आणणार कुठून? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! उलट कॉन्ट्रास्ट ताणला की कॅल्शियमच्या बारीक कणांसोबत चित्रातला गोंगाटही उठून दिसतो.

शिवाय आपल्याकडे बहुतेक रुग्ण गाठ हाताला लागल्यावर येतात. तिथे अडतं ते चित्रापाशी नाही. टाटा रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच तपासत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांत मिळून दिसलेली घट सांख्यिकी कसोटीला उतरली नाही, हेही मान्य. म्हणजे हात सर्वसमर्थ नाही. पण क्ष-किरण यंत्राशिवाय एवढं साधलं, याचं उत्तर पूर्वपक्षाकडे नाही.

क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी नावाजलेल्या पाचगणीला तर हे नवं नसावं. फुप्फुसाच्या फिल्मवरची सावली संशय दाखवते, जंतू सापडतो थुंकीत. स्तनाच्या बाबतीतही अखेरचा शब्द बायोप्सीचाच.

म्हणून क्रम असा हवा : गावात तपासणारा सरावलेला हात, साताऱ्यापर्यंत एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, वेळेवर बायोप्सी आणि उपचार. सॉफ्टवेअरवरचा खर्च त्यानंतर मागावा.