थायरॉईड ग्रंथी काम कशी करते? मिठातल्या आयोडीनशी तिचे नाते काय?

धुळे : 'तिला थायरॉईड निघाला' असे आता गावोगावी ऐकू येते. पण थायरॉईड हे आजाराचे नाव नाही. कंठाच्या खाली, श्वासनलिकेवर बसलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी प्रत्येकाला असते. तिचे काम बिघडले की आजार होतो.

हार्मोन कसे तयार होते?
जेवणातले आयोडीन रक्तातून ग्रंथीत येते. तिथल्या पेशी ते ओढून घेतात आणि थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाला जोडतात. त्यातून टी-४ आणि टी-३ ही हार्मोन बनतात. टी-४ मध्ये आयोडीनचे ४ अणू, टी-३ मध्ये ३. कणगीत धान्य ठेवावे तसा काही आठवडे पुरेल एवढा साठा ग्रंथीत असतो.

रक्तात कसे सुटते?
रक्तातले हार्मोन कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. हा थायरॉईडला 'काम वाढव' असा निरोप असतो. मग पेशी साठ्यातले प्रथिन तोडून हार्मोन रक्तात सोडतात. पुरेसे झाले की टीएसएच उतरते. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेले असेल तर बहुतेक वेळा ग्रंथी कमी काम करते, असा अर्थ होतो.

आयोडीन कमी पडले तर?
निरोप येत राहतो, पण माल बनत नाही. ग्रंथी फुगते, त्यालाच गलगंड म्हणतात. गरोदरपणात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. डोंगराळ भागात पावसाने जमिनीतले आयोडीन वाहून जाते. त्यामुळे शिरपूरचा सातपुडा पट्टा आणि साक्रीच्या पश्चिम भागातील कुटुंबांनी मिठाकडे जास्त लक्ष द्यावे. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ पासून सुरू आहे.

काय काळजी घ्यावी?
– मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर महिलेला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते.
– हसऱ्या सूर्याचे चिन्ह असलेले आयोडीनयुक्त मीठ घ्या, झाकणाच्या बरणीत ठेवा. गुरांसाठी आणलेले खडे मीठ स्वयंपाकात वापरू नका.
– जास्त मीठ खाऊन थायरॉईडचा आजार बरा होत नाही, उलट रक्तदाब वाढतो.
– सतत थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, पाळी बिघडणे, गळ्याला सूज असे काही दिसले तर डॉक्टरांना दाखवा.
– थायरॉईड कमी असल्याची गोळी सुरू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी घ्या. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.