काकींचा मिक्सर आणि गटाचा मिक्सर

पावसहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

गेल्या मे महिन्यात आमच्या गटात एका मिक्सरवरून भांडण झालं. लसणाची सुकी चटणी आणि आंबापोळीसाठीचा रस, दोन्ही कामं आम्ही मिक्सरवर करतो. त्यासाठी गटाच्या कर्जातून दोन नवे मिक्सर आणले होते, 750 वॅटचे. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक जळाला. वास आला, धूर आला, संपलं. दुकानदार म्हणाला, वॉरंटी घरगुती वापरासाठी असते, तुम्ही धंद्याला वापरलात. त्या दिवशी मिक्सरवर ज्या दोघी होत्या त्यांच्यावर सगळ्यांचा राग निघाला. "सलग चालवला असणार," "भांडं गच्च भरलं असणार." बैठकीत त्यांना दंड करायचा ठराव आला.

तेव्हा आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "आधी माझा मिक्सर बघा, मग दंड करा." त्यांचा मिक्सर सुमीतचा. यजमान मुंबईला गिरणीत होते, ते गणपतीला येताना घेऊन आले होते. गिरण्यांचा संप 1982 च्या जानेवारीत सुरू झाला, मिक्सर त्याच्या आधीचा. म्हणजे चाळीस वर्षांहून जुना, आणि अजून त्याच्यावर ओल्या नारळाचं वाटण होतं. मग आम्ही काकींचा चालू मिक्सर आणि आमचा जळका मिक्सर, दोन्ही रत्नागिरीला वायंडिंगवाल्याकडे नेले आणि समोर बसून उघडायला लावले. तिथे जे कळलं आणि नंतर जे वाचलं, ते आज सांगायचंय.

पण सुरुवात मिक्सरपासून नाही करता येत. आमच्या आज्यांकडे होता पाटा-वरवंटा, कांडायला व्हायन, दळायला जातं. काळ्या दगडाचा पाटा तीन-तीन पिढ्या चालला. आपण म्हणतो, काय ते जुनं सामान, दगडासारखं! पण दगडसुद्धा झिजतो. पाटा गुळगुळीत झाला की मसाला नुसता सरकतो, वाटला जात नाही. म्हणून टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या, छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा खरखरीत करून द्यायच्या. पाटा टिकला तो दगड चांगला म्हणून, आणि टाकीवाली दारात यायची म्हणूनही. आता ती येत नाही, तर कित्येक घरांत पाटे परसात कपडे आपटायला पडलेत.

मग मिक्सर आला. सुरुवातीचे मिक्सर परदेशी होते, आणि ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फळं, दूध, अंडी, असं मऊ सामान होतं. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली उडदाची डाळ त्यांनी कुठे पाहिली होती! मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते, सीमेन्स कंपनीत नोकरीला. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंचा जर्मन ब्राउन मिक्सर आपल्या स्वयंपाकापुढे टिकेना, मोटार बिघडली, आणि इथे दुरुस्तीची सोय नाही. तेव्हा माथुरांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी मोटार स्वतःच करायला घेतली. 1963 मध्ये कंपनी काढली. सुमीत म्हणजे चांगला मित्र. 500 वॅटची दमदार मोटार, स्टेनलेस स्टीलची भांडी. नंतरची कितीतरी वर्षं लोक मिक्सरला मिक्सर न म्हणता सुमीतच म्हणत. पुढे घरातल्याच माणसांत नावावरून वाद झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला, 1994 मध्ये त्याचा निकाल लागला. तो वेगळा विषय. आम्हाला यात लक्षात राहिलं ते एवढंच, की यंत्र कुठे मोडतं हे जिच्या हातात ते मोडलं तिला आधी कळलं.

अशीच एक गोष्ट अमेरिकेतली आहे. जोसेफिन कोक्रेन नावाची बाई. नोकरांच्या हातून तिच्या चांगल्या चिनीमातीच्या बशांचे टवके उडायचे, म्हणून तिने भांडी धुवायचं यंत्र करायचं मनावर घेतलं. 1883 मध्ये नवरा वारला, मागे कर्ज ठेवून. मग हौस राहिली नाही, पोटाचा प्रश्न झाला. एका मेकॅनिकला हाताशी धरून तिने यंत्र पुरं केलं आणि 28 डिसेंबर 1886 ला पेटंट मिळवलं. 1893 च्या शिकागोच्या जत्रेत ते लोकांनी पाहिलं. गिऱ्हाइकं मात्र मिळाली ती हॉटेलं आणि खाणावळी. घरोघरी तेवढं गरम पाणीच नव्हतं. म्हणून तिची यंत्रं दिवसभर राबायच्या हिशेबाने दणकट बांधलेली. तिच्यामागे ती कंपनी दुसऱ्यांनी घेतली आणि 1949 मध्ये किचनएड नावाने घरगुती यंत्र काढलं. पुढे घरगुती यंत्रं हलकी, स्वस्त होत गेली, काहींत आतला डबासुद्धा प्लास्टिकचा आला. रोज दोन वेळच्या भांड्यांना ते पुरतं. त्यावर खाणावळ चालवायला गेलात तर मोडणारच.

आमचं नेमकं हेच झालं होतं.

वायंडिंगवाल्याने दोन्ही मिक्सर उघडले. काकींच्या मोटारीत तांब्याची तार, जाड. आमच्या नव्यात अॅल्युमिनियमची. तांब्याच्या मानाने अॅल्युमिनियममधून वीज कमी सहज जाते, साधारण साठ टक्के धरा. त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. आणि अॅल्युमिनियमचा जोड नीट डाख घेत नाही, म्हणून दुरुस्तीलाही लोक नाखूष. मग 750 वॅट म्हणजे काय? आम्ही समजत होतो ताकद. ते म्हणाले, ती मोटार किती वीज खाते त्याचा आकडा आहे. खाल्लेल्यातलं वाटण्यात किती गेलं आणि तापण्यात किती, ते आकडा सांगत नाही. जास्त जेवणारा गडी जास्त नांगरतोच असं आहे का?

मग त्यांनी मिक्सर उलटा करून तळाचा पत्रा दाखवला. त्यावर लिहिलेलं, रेटिंग 30 मिनिटे, 5 मिनिटे चालू, 2 मिनिटे बंद. म्हणजे पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा, असं करत अर्धा तास, मग पूर्ण थंड होऊ द्या. आम्ही सकाळी नऊ ते बारा चालवत होतो. गटातल्या एकीनेही तो पत्रा वाचला नव्हता, अध्यक्षबाईंनीही नाही आणि विकत घ्यायला गेलेल्या आम्हीही नाही. त्यात मे महिना, व्होल्टेज उतरलेलं. मोटार मंद फिरली की तिला वारा घालणारा पंखाही मंद फिरतो, आणि सुकं खोबरं तर तेवढंच जोर मागतं.

एक गोष्ट नव्या मिक्सरच्या बाजूनेही सांगायला हवी. भांडं जिथे बसतं तिथला रबरी किंवा नायलॉनचा कपलर तुटतो म्हणून आपण कंपनीला शिव्या घालतो. तो तुटायलाच ठेवलेला असतो. पातं अडकलं तर थोड्या पैशांचा कपलर जावा, मोटार वाचावी. खाली लाल बटण असतं तेही तसंच, मोटार तापली की आपोआप बंद करतं. ते बाहेर आलं की थांबायचं असतं. आम्ही काय करत होतो, दाबून लगेच पुन्हा चालू.

आणि काकींच्या मिक्सरला आरती ओवाळायचंही कारण नाही. त्या काळचे जे मिक्सर बिघडले ते कधीच भंगारात गेले, आपल्याला दिसतात ते उरलेले. काकींचाही एकदा पुन्हा वायंडिंग करून झालाय, आणि कार्बन किती वेळा बदलले ते त्यांनाही आठवत नाही. मोटार मिनिटाला 18,000 ते 20,000 फेरे घेते, कार्बन घासले जाणारच. आमच्या दोघा मिक्सरांत खरा फरक कळला तो इथेच. काकींचा चार स्क्रू काढले की उघडतो, कार्बन बाहेरून बदलता येतात. आमचा उघडायला खालचा भाग तासून काढावा लागला, आणि सुटा भाग मिळत नाही, अख्खी मोटारच घ्या म्हणाले.

आता घेताना आम्ही काय बघतो ते सांगतो. आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस 4250 हा आकडा. वायंडिंग तांब्याचं आहे हे बिलावर लिहून घ्यायचं. कार्बन आणि कपलर तालुक्याला मिळतो का, हे दुकानदाराला नाही, दुरुस्तीवाल्याला विचारायचं. तीन तासांचं काम असेल तर घरगुती मिक्सर घ्यायचाच नाही, खानावळवाले घेतात तसला घ्यायचा. मसाल्याला तर डंकीच बरी. वॉरंटी नाकारली तर ते लेखी मागायचं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्याची धरत नाहीत, आणि 1915 या नंबरवर तक्रार सांगता येते. आम्हाला हे कळेपर्यंत आमची बिलाची पावती हरवली होती.

दंडाचा ठराव आम्ही मागे घेतला. मिक्सरचे पैसे सगळ्यांत वाटून घेतले, हप्ता चालू आहे. त्या दोघींपैकी एक आता पुन्हा चटणीच्या कामावर येते, पाच मिनिटं झाली की तीच ओरडते, "बंद करा गं!" दुसरी अजून आलेली नाही. तिच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो. चहा देते, बसायला पाट देते, गटाचं नाव काढलं की उठून आत जाते. येत्या गुरुवारी काकी स्वतः जाणार आहेत.