वेर

वेर : ‘पुरुष’ आणि ‘पती’ या अर्थांचा प्राचीन जर्मानिक शब्द. आजच्या इंग्रजी, जर्मन व डच भाषांत तो या अर्थाने स्वतंत्रपणे वापरला जात नाही. जोडशब्दांत मात्र टिकून आहे. जर्मनमधील ‘वेर’ (कोण) या सर्वनामाशी त्याचा संबंध नाही.

व्युत्पत्ती : वुल्फिलाने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या गॉथिक अनुवादात, तसेच जुनी इंग्रजी, जुनी सॅक्सन व प्राचीन उच्च जर्मन यांत हा शब्द आढळतो. संस्कृत ‘वीर’, लॅटिन ‘विर’, लिथुएनियन ‘वीरस’ व जुनी आयरिश ‘फेर’ हे त्याचे सगोत्र शब्द. ऋग्वेदात ‘वीर’ म्हणजे केवळ शूर नव्हे, तर पुरुष आणि पुत्रही.

जोडशब्द : (१) वेरगिल्ड (‘माणसाचे मोल’) : हत्या झाल्यास मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई. फ्रँक या जर्मानिक लोकांच्या सॅलिक कायद्यात स्वतंत्र फ्रँकसाठी ती २०० सॉलिडस होती. इंग्लंडमधील वेसेक्स राज्यात सामान्य स्वतंत्र माणसासाठी २०० शिलिंग, तर उमरावासाठी १,२०० शिलिंग. सूडाची साखळी तोडणाऱ्या या व्यवस्थेतच माणसामाणसांतील विषमता आकड्यांत नोंदली गेली. (२) इंग्रजी ‘वर्ल्ड’, जर्मन ‘वेल्ट’, डच ‘वेरेल्ड’, स्वीडिश ‘वेर्ल्ड’ : मूळ घटक ‘माणूस’ आणि ‘वय, युग’. ‘मानवी आयुष्य’ या कालवाचक अर्थातून ‘जग’ हा अर्थ आला. (३) इंग्रजी ‘वेअरवुल्फ’, जर्मन ‘वेरवोल्फ’, स्वीडिश ‘वारउल्व’ : ‘नर-लांडगा’. जुन्या इंग्रजीत हा शब्द अकराव्या शतकातील क्नूट राजाच्या कायद्यात सैतानासाठी आला आहे. फ्रेंच ‘लू-गारू’मधील ‘गारू’ हेही फ्रँकिश भाषेतून आलेले याच शब्दाचे रूप. त्याचा अर्थ विसरला गेल्यावर ‘लांडगा’ अर्थाचा ‘लू’ पुन्हा जोडला गेला.

लोप : जुन्या इंग्रजीत ‘वेर’ (पुरुष) व ‘वीफ’ (स्त्री) ही जोडी होती, ‘मान’ म्हणजे स्त्री वा पुरुष कोणीही. पुढे ‘मान’ पुरुषवाचक झाला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ‘वेर’ मागे पडला. सर्वसमावेशक शब्द एका लिंगापुरता आक्रसला, हा या बदलाचा महत्त्वाचा परिणाम होय.

भारतीय साम्य : संस्कृत ‘वैर’ हा शब्द ‘वीर’वरून साधला आहे. ऋग्वेदातील ‘वैरदेय’ या शब्दात काही अभ्यासकांना वेरगिल्डसारख्या भरपाईचा उल्लेख दिसतो.