सार्जंटचं गोल्ड मेडल का काढून घेतलं?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

आजचा विषय एका शब्दाचा आहे. 'हौशी', म्हणजेच अ‍ॅमॅच्युअर. 'हौशी नाट्यस्पर्धा' म्हटलं की आपल्याला दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणारी मंडळी आठवतात. पैशासाठी नाही, आवडीसाठी करतो तो हौशी. सोपं आहे ना? पण ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारीत हा शब्द कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, यासाठी वापरला गेला.

आधी खेळ समजून घेऊ. ड्रेसाज म्हणजे शर्यत नाही आणि अडथळ्यांवरून उड्याही नाहीत. 60 बाय 20 मीटरचं मैदान, कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. ठरलेल्या अक्षराशी घोड्याने वळायचं, थांबायचं, चाल बदलायची, कधी जागच्या जागी दुडकी धरायची. प्रत्येक हालचालीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. स्वार घोड्याशी बोलतो तो मांडीच्या दाबाने, पाठीच्या कण्याने, लगामाच्या हलक्या ओढीने. बघणाऱ्याला ते दिसताच कामा नये.

1912 साली स्टॉकहोममध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. प्रवेश कुणाला? लष्करातल्या ऑफिसरना आणि 'जंटलमन' हौशी पुरुषांना. स्त्रियांना नाही, आणि ऑफिसरच्या खालच्या हुद्द्यावरच्या सैनिकांनाही नाही. कारण काय, तर सार्जंट पगार घेऊन घोडे शिकवतो, म्हणून तो व्यावसायिक. आता गंमत बघा, पगार तर ऑफिसरही घेत होता! पण तो हौशी.

1948, लंडन. स्वीडनच्या तिघांच्या संघाने ड्रेसाजमध्ये गोल्ड जिंकलं. त्यातला गेनॅल पर्सन हा मुळात सार्जंट. त्याला स्पर्धेआधी लेफ्टनंट करण्यात आलं आणि ऑलिम्पिक आटोपल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा सार्जंट! ही गोष्ट बाहेर आली आणि 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने स्वीडनचा संघ बाद केला. गोल्ड गेलं फ्रान्सकडे. स्वीडनने पळवाट काढली होती, हे खरंच. पण पर्सनच्या घोडेस्वारीत खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती त्याच्या हुद्द्यात.

या प्रकरणाने नियमाचंच हसू झालं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपर्यंत तो बदलला. सार्जंटला दार उघडलं, आणि ड्रेसाजमध्ये स्त्रियांनाही. मग स्वीडनने काय केलं? तेच तिघे परत पाठवले: सेंट सिर, बोल्टेनस्टर्न आणि पर्सन. गोल्ड जिंकलं. 1956 मध्ये पुन्हा तेच तिघे, पुन्हा गोल्ड.

पण हेलसिंकीची खरी गोष्ट आहे डेन्मार्कच्या लिस हार्टेलची. 1944 मध्ये, तेविसाव्या वर्षी, पोटात बाळ असताना तिला पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणसं लागायची. ज्या खेळात पायाचा दाब म्हणजे निम्मी भाषा, तिथे तिने पाठ आणि शरीराचा तोल एवढ्यावर 'ज्युबिली' नावाच्या घोडीशी नवी भाषा तयार केली. आणि पुरुष ऑफिसरांच्या बरोबरीने उतरून सिल्व्हर जिंकलं! घोडेस्वारीत वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. पदक घ्यायला तिला आधार देऊन घेऊन गेला तो गोल्ड जिंकणारा सेंट सिर. चार वर्षांनी तिने ज्युबिलीबरोबर पुन्हा सिल्व्हर मिळवलं.

विचार करा, नियम चार वर्षं आणखी तसाच राहिला असता तर ही बाई प्रेक्षकांत बसलेली असती.

आता आपल्याकडे येऊ. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने घोडेस्वारीत गोल्ड जिंकली, तेव्हाचा मोठा चेहरा होता 61 व्या कॅव्हलरीचे रघुबीर सिंग. लष्करी स्वार. त्यानंतर 41 वर्षं गोल्ड नाही. मग सप्टेंबर 2023, हांगझोऊ. ड्रेसाजमध्ये सांघिक गोल्ड! संघात इंदूरची सुदिप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग, कोलकात्याचा अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. दोन मुली, दोन मुलगे, चौघेही सिव्हिलियन. 1948 च्या नियमाने यातल्या दोघींना मैदानात पाऊलही टाकता आलं नसतं.

अर्थात, दार पूर्ण उघडलंय असं नाही. घोडा पोसायचा, परदेशात प्रशिक्षण घ्यायचं, म्हणजे खर्च प्रचंड. पूर्वी हुद्दा विचारायचे, आता खिसा आडवा येतो. ड्रेसाजमध्ये आजही स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच यादीत उतरतात. तिथवर पोचायला एका सार्जंटचं पदक जावं लागलं.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "हा काय, हौशी आहे," तर एवढंच विचारा: हे ठरवलं कुणी?