नातवंडं, पुतणे-भाचे सांभाळताय? मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज कुठे, कागद कोणते?

आई-वडील गेले की पोरं आजीकडे, काकाकडे नाहीतर मामाकडे येतात. पेन्शन, शेतमजुरीवर त्यांचं शिक्षण, कपडालत्ता भागवणं अवघड जातं. अशा घरांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं आणि ११०० रुपयांची मदत वाढून २,२५० झाली. म्हणजे एका मुलामागे वर्षाला २७ हजार रुपये.

कोणाला मिळते?
१८ वर्षांपर्यंतच्या मुलांना. अनाथ, एकच पालक असलेली, आई-वडिलांचा घटस्फोट झालेली, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले अशी मुलं यात येतात. त्यामुळे विधवा आईही अर्ज करू शकते. मुलाला दत्तक घ्यायची गरज नाही. मूल वसतिगृहात किंवा बालगृहात नको, घरी सांभाळलेलं हवं.

अर्ज कुठे?
जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्याच जिल्हा बाल संरक्षण कक्षात. तलाठी, तहसीलदार फक्त दाखले देतात, मंजुरी त्यांच्या हातात नाही. घराची चौकशी होते, मग मूल आणि सांभाळणारा माणूस बाल कल्याण समितीपुढे हजर राहतो. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीचा आदेश निघाल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत. त्यामुळे सुनावणीची तारीख चुकवू नका.

कागद कोणते?
- मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार कार्ड
- आई-वडिलांचा मृत्यू दाखला (आजार असेल तर दवाखान्याचे कागद)
- मुलाचा जन्म दाखला, शाळेचं बोनाफाईड
- रेशन कार्ड, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला
- आधार जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक
- मुलाचा सांभाळणाऱ्यासोबतचा फोटो

बहुतेक अर्ज अडतात ते नावावरून. आधार, शाळेचा दाखला आणि पासबुक या तिन्हींवर मुलाचं नाव एकसारखं आहे का, ते आधीच बघून घ्या. मृत्यूची नोंद झाली नसेल तर पहिल्यांदा ग्रामपंचायतीत ती करून घ्या.

केंद्राची मदत वेगळी
मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेत महिना ४ हजार रुपये मिळतात. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलंही त्यात बसतात. मात्र ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत लागतं, शहरात ९६ हजारांच्या आत. आपलं मूल कोणत्या योजनेत बसतं, हे बाल संरक्षण कक्षातच विचारा.

अर्जाला फी नाही. कोणी एजंट 'काम करून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा किंवा १०९८ या मोफत नंबरवर फोन करा.