न्यू इंग्लिश स्कूलची पहिली दहा वर्षे : विद्यार्थ्यांची प्रगती आणि तिची मापे

एकोणिसाव्या शतकातील माध्यमिक शाळेचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाती बहुधा तीन प्रकारची साधने असतात : पटावरील विद्यार्थ्यांची संख्या, प्रवेशपरीक्षेचे निकाल आणि मिळालेल्या शिष्यवृत्त्या. वार्षिक अहवाल याच तीन अंगांनी लिहिले जात, देणगीदार याच तीन अंगांनी ते वाचीत, आणि पुढे चरित्रकारांनीही तेच आकडे उचलले. त्यामुळे शाळा वाढली हे कळते. पण त्या शाळेतील सामान्य मुलगा वर्षाच्या आरंभी काय जाणत होता आणि वर्षाच्या अखेरीस काय जाणू लागला, हे मात्र त्यांवरून क्वचितच कळते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या पहिल्या दहा वर्षांचा (१८८०–१८९०) विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. या शाळेचे बाह्य यश निर्विवाद होते. परंतु तिच्या शिक्षकांनी आपल्या मागे असे एक साधन ठेवले आहे की, ज्याच्या आधारे वर्गातील मुलाच्या अडचणीपर्यंत पोहोचता येते. हे साधन म्हणजे त्यांची शालेय पुस्तके.

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. त्या परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले व २२ उत्तीर्ण झाले. म्हणजे सहांत एक. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघेच होते. मॅट्रिक्युलेशन ही वस्तुतः शाळेची अंतिम परीक्षा नव्हती, ती विद्यापीठाच्या दारावरची चाळण होती. महाविद्यालयात इंग्रजीतून दिलेली व्याख्याने कोणास झेपतील, एवढेच ठरविण्यासाठी ती योजलेली होती. तथापि सरकारी नोकरीच्या अपेक्षेमुळे आणि समाजातील प्रतिष्ठेमुळे तिलाच शाळेच्या सर्व कार्याचे माप मानले गेले. ज्या मुलास कधीच महाविद्यालयात जावयाचे नव्हते, त्याचीही योग्यता याच फूटपट्टीने मोजली जाऊ लागली. हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यास दोन फाटे असावेत, एक विद्यापीठाकडे जाणारा व दुसरा व्यवहाराकडे नेणारा, अशी शिफारस केली ती हा दोष ओळखूनच. शिफारस कागदावर राहिली, हे वेगळे सांगावयास नको.

मापनाची दुसरी एक पद्धत याहूनही अधिक घातक होती. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांस मिळणारे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरत असे. तपासनीस येई, मुलांना विषयवार तपाशी, आणि उत्तीर्णांच्या हिशेबाने शाळेची रक्कम ठरे. मुलाचे वाचन, लेखन, अंकगणित यांस जणू बाजारभाव लावला जाई. अशा व्यवस्थेत शिक्षकाचे लक्ष तपासणीच्या दिवसाकडे लागावे आणि तपाशिले न जाणारे सर्व काही मागे पडावे, यात नवल नाही. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने ही पद्धत सोडून देण्याचे धोरण जाहीर केले, पण तोवर तिने एका पिढीच्या अध्यापनावर आपला ठसा उमटविला होता.

या पार्श्वभूमीवर १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या सहकार्याने पुण्यात शाळा काढली. वामन शिवराम आपटे लौकरच येऊन मिळाले व शाळेची व्यवस्था त्यांच्याकडे गेली; गोपाळ गणेश आगरकर एम. ए. ची परीक्षा आटोपून पुढच्या वर्षी आले. 'निबंधमाले'च्या कर्त्याने, मराठीच्या अभिमानाचा एवढा मोठा पुरस्कार करणाऱ्याने, आपल्या शाळेस 'इंग्लिश स्कूल' म्हणावे यात पुष्कळांस विसंगती दिसली आहे. ती विसंगती नव्हे. चिपळूणकरांची तक्रार इंग्रजी विद्येविरुद्ध नव्हती, ती विद्या परक्या आणि उदासीन हातांतून मिळते याविरुद्ध होती. मात्र या भूमिकेची किंमत वर्गातील मुलास द्यावी लागली. इतिहास, भूगोल व गणित हे विषय परभाषेतून शिकावयाचे आणि त्यांची उत्तरेही परभाषेतून द्यावयाची, हे त्याच्या पदरी कायम राहिले. सरकारी शाळेतून स्वकीयांच्या शाळेत आल्याने त्याचे ओझे एवढ्यापुरते तरी हलके झाले नाही.

पटसंख्येचा चढ झपाट्याचा होता. पहिल्या वर्षातच ती तीनशेच्या पुढे गेली आणि पाच वर्षांत हजाराच्या घरात पोहोचली. निकालांनीही मान उंचावली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या स्मरणार्थ ठेवलेली, प्रवेशपरीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी शिष्यवृत्ती या शाळेच्या विद्यार्थ्यांनी प्रारंभीच्या वर्षांतच पटकाविली, आणि शाळेचे नाव इलाखाभर झाले. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष सर विल्यम हंटर यांनी शाळा पाहिली. सरकारी साहाय्याशिवाय चालणारी आणि सरकारी हायस्कुलांशी बरोबरी करू शकणारी अशी संस्था हिंदुस्थानात अन्यत्र आढळली नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकरांचे बत्तिसाव्या वर्षाच्या आत निधन झाले होते, आणि कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. शाळेचे तीन आधारस्तंभ एका वर्षात असे हलले असता वर्ग चालू राहिले याचे श्रेय बव्हंशी आपट्यांच्या व्यवस्थेस दिले पाहिजे. टिळक-आगरकरांच्या तेजापुढे हे नाव शाळेच्या इतिहासात विनाकारण फिके पडले आहे.

तथापि शिष्यवृत्तीचा आकडा वर्गातील पहिल्या एकदोन मुलांविषयी बोलतो. चाळीस मुलांच्या वर्गात जो पहिला येतो तो बहुधा कोणत्याही शाळेत पहिला आला असता. टिळक गणित शिकविताना फळ्याचा आधार न घेता उदाहरणे तोंडीच सोडवीत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत नमूद आहे. तल्लख मुलास ही रीत उत्तेजक वाटली असेल, मंद मुलास ती कितपत मानवली असेल हे त्याच आठवणींतून ओळखता येते. निकालपत्रकात या दोन मुलांमधील अंतर दिसत नाही. ते दिसते पुस्तकांत.

आपट्यांचे 'स्टुडंट्स गाइड टू संस्कृत काँपोझिशन' शाळेच्या या प्रारंभीच्या काळातच बाहेर पडले. संस्कृतची व्याकरणे तोवर रूपांची होती : शब्द चालवावे, धातू चालवावे, संधी सोडवावे. भांडारकरांच्या दोन पुस्तकांनी हा मार्ग सुगम केलेला होता. पण रूपे पाठ असलेल्या मुलास वाक्य रचता येतेच असे नाही. आपट्यांनी पुस्तकाचा विषय वाक्यरचना हा ठरविला. विशेष्य-विशेषणांचा मेळ, विभक्तींचे अर्थ, कृदंतांचे उपयोग, काळ व अर्थ, अव्यये अशा क्रमाने पाठ मांडले, प्रत्येक नियमाखाली अभिजात ग्रंथांतील वाक्ये दिली आणि पाठाच्या शेवटी भाषांतरासाठी उतारे घातले. ज्या शिक्षकाने शेकडो वह्या तपासल्या आहेत त्यालाच सुचावी अशी ही मांडणी आहे. कोणत्या धातूस कोणती विभक्ती लागते याच्या लांबलचक याद्या त्यात आहेत. मूल तेथेच अडखळत असले पाहिजे, कारण मराठीचा 'ला' प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी या दोहोंचे काम करतो आणि संस्कृतात ते भेद रूपाने दाखवावे लागतात. पुस्तकाच्या उत्तर भागात वाक्यांचे पृथक्करणही आले आहे. इंग्रजी शाळांत त्या काळी रूढ झालेले वाक्यपृथक्करणाचे तंत्र आपट्यांनी संस्कृतास लावून पाहिले.

हेच तंत्र आगरकरांनी मराठीस लावले. त्यांची 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वर्षीच 'सुधारक' निघाला. 'सुधारक'च्या गाजावाजात या लहान पुस्तकाकडे साहित्येतिहासाने पाठ फिरवावी हे समजण्यासारखे आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तसे करणे मात्र क्षम्य नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून शालेय व्याकरणाचा भर शब्दांच्या जातींवर व विभक्तींवर होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या व्याकरणविषयक निबंधांत कर्ता व प्रयोग यांची खोल चर्चा केली, पण ती जाणत्यांसाठी होती. संपूर्ण वाक्य हे अभ्यासाचे मूळ परिमाण धरून मुलांसाठी लिहिलेले आगरकरांचे पुस्तक या परंपरेत नवी दिशा दाखविते.

वाक्य हे परिमाण इंग्रजी शाळेतच का महत्त्वाचे ठरावे, याचे उत्तर भाषांतरात आहे. इंग्रजी इयत्तांतील सर्व अध्ययन भाषांतरावर उभे होते. आता 'मुलाने आंबा खाल्ला' हे साधे वाक्य घ्यावे. क्रियापद 'आंबा' याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलाने आंबे खाल्ले' असे म्हटले की ते स्पष्ट होते. इंग्रजी पद्धतीने, ज्याच्याशी क्रियापदाचा मेळ तो उद्देश, असे मुलास शिकविले तर येथे आंबा उद्देश ठरेल आणि भाषांतरात आंबाच मुलाला खाईल. उलट करणारा तो उद्देश असे सांगितले तर मेळाचा नियम मोडतो. 'मुलाने कुत्र्याला मारले' या भावे प्रयोगात तर क्रियापद कोणाशीच मेळ ठेवीत नाही. संस्कृतातील 'रामेण रावणो हतः' या रचनेकडे जावे तर तेथे कारकविचार कर्ता आणि प्रथमान्त पद यांना वेगळे ठेवतो. कर्ता तृतीयेत असू शकतो हे त्या व्याकरणास अडचणीचे वाटत नाही. पुण्याच्या वर्गातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलास दिवसाच्या एका तासाला इंग्रजी उद्देशाचा नियम, दुसऱ्या तासाला संस्कृत कारकाचा नियम आणि घरी या दोहोंत न बसणारी मातृभाषा, असा तिहेरी व्यवहार सांभाळावा लागत होता. प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत त्याची जी चूक केवळ 'अशुद्ध वाक्य' म्हणून खोडली जाई, तिच्यामागे पुष्कळदा हा विचारपूर्ण गोंधळ असे.

आपट्यांचे पुस्तक व आगरकरांचे पुस्तक एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे शाळेच्या प्रगतीचा एक निराळा आलेख दिसू लागतो. दशकाच्या आरंभी प्रश्न असा होता की, परीक्षेस लागणारी भाषा मुलास बिनचूक कशी लिहिता येईल. दशकाच्या अखेरीस प्रश्न असा झाला की, मूल जी भाषा बोलते तिची रचना त्याला स्वतःला कशी उमगेल. हा दुसरा प्रश्न कोणत्याही तपासनिसाच्या कोष्टकात नव्हता. मराठी उत्तम समजल्याबद्दल शाळेस काही मिळणार नव्हते. विद्यापीठाच्या वरच्या अभ्यासक्रमातून तर देशी भाषा १८६० नंतरच्या दशकातच बाहेर पडल्या होत्या आणि त्या परत याव्यात म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत झगडावे लागले. अशा स्थितीत एका शिक्षकाने मराठी वाक्यावर पुस्तक लिहावे, ही गोष्ट त्या शाळेच्या शैक्षणिक वाढीचा पुरावा म्हणून शिष्यवृत्तीहून कमी मोलाची मानता येणार नाही.

१८८५ मध्ये शाळेत रुजू झालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणितही याच वर्गातून निघाले. त्या पुस्तकाचा प्रसार मोठा झाला. पायरीपायरीने कठीण होत जाणारी उदाहरणे हा त्याचा विशेष सांगितला जातो. तोंडी गणिताच्या रीतीने मागे पडणाऱ्या मुलास अशा पुस्तकाचीच गरज होती, असे अनुमान करावयास हरकत नसावी.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढच्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर शाळेचे उत्तम शिक्षक हळूहळू महाविद्यालयाकडे ओढले गेले. आजीव सभासदांतील वाद, वेतनवाढीचा व बाहेरील मिळकतीचा प्रश्न, सामाजिक सुधारणेवरील मतभेद आणि १८९० मधील टिळकांचा राजीनामा यांची कथा अनेकांनी सांगितली आहे. तिचा विद्यार्थ्यांच्या अध्ययनावर काय परिणाम झाला याचा विचार मात्र त्या कथेत येत नाही, कारण ती सर्वस्वी थोरांची कथा आहे.

परीक्षेच्या या यशाचा दुसरा हिशेब सोसायटीच्याच एका आजीव सभासदाने मांडला. महादेव शिवराम गोळे यांचे 'ब्राह्मण आणि त्यांची विद्या' हे पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्येसाठी सुशिक्षितांच्या शरीरास मोजावी लागणारी किंमत आणि व्यवहारापासून तुटलेल्या शिक्षणाची निष्फळता हे त्याचे विषय आहेत. गोळे हे विज्ञानाचे अध्यापक आणि रोज वर्गात उभे राहणारे. म्हणून त्यांच्या टीकेस बाहेरून केलेल्या टीकेपेक्षा अधिक वजन आहे. पुस्तकाचा रोख एका जातीपुरता ठेवल्याने त्यातील निरीक्षणांची व्याप्ती आकुंचित झाली, हा त्याचा दोष होय. शाळेच्या पटावर कोणत्या घरांतील मुले होती आणि कोणत्या घरांतील नव्हती, हा प्रश्न त्यात यावयास हवा होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तो स्पष्टपणे विचारलेला होता.

आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. आगरकर त्यांच्या जागी प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, तेही गेले. आपट्यांचे संस्कृत रचनेचे पुस्तक अद्याप छापले जाते, आणि पाठाच्या शेवटी भाषांतरासाठी दिलेले उतारे त्यात अजून आहेत.